विश्रामिकेची भारचाचणी

उपमुख्य अभियंत्यांच्या आयुष्यात आज्ञा अशा फारशा उरल्याच नव्हत्या. पत्नी त्यांना काही सांगे ते प्रश्नाच्या रूपाने, हाताखालची माणसे सांगत ते विनंतीच्या रूपाने, आणि मुख्यालय सांगे ते परिपत्रकाच्या रूपाने. त्यामुळे त्या सकाळी पाणीपुरवठा मंडळाच्या इमारतीसमोरील झाडाखाली, मान खाली घालून, दोन्ही गुडघे तळव्यांनी धरून ते बसले असता "उठा" हा शब्द कानी आला, तेव्हा तो आपल्याला उद्देशून उच्चारलेला असेल अशी शंकादेखील त्यांच्या मनाला शिवली नाही. कोणीतरी कोणालातरी उठवीत असेल. जगात बसलेली माणसे पुष्कळ. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र त्या क्षणी जमीन किंचित कलली होती. फाटकातून आत येताना रस्ता एकाएकी हलका झाल्यासारखा वाटला होता, कानांत, भरलेल्या नळीतून हवा सुटावी तसा, आवाज झाला होता, आणि पाय आपोआप सर्वांत जवळच्या आधाराकडे वळले होते. कमरेशी काहीतरी गुळगुळीत घासत होते. ती बाकाला बांधलेली लाल फीत होती. "उठा म्हणतोय ना, इथं बसायचं नाही," आवाज पुन्हा आला, आणि आता त्यांनी मान वर केली. समोर मंडळाचा पहारेकरी उभा होता. साहेबांचा चेहरा दिसताच त्याने टाचा जुळवून सलाम केला. परंतु उच्चारलेला शब्द मागे घेतला नाही. तो सलामाच्या पवित्र्यातच अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपलाच आदेश आहे. कुणीही म्हणजे कुणीही, असं आपण म्हणाला होता." उपमुख्य अभियंते उठले. त्यांनी पहारेकऱ्याला शाबासकी दिली, पाठीमागे सरकलेली फीत स्वतःच्या हाताने सारखी केली, आणि जिन्याकडे चालू लागले. संस्थेचा एक सेवक नियमाला इतका एकनिष्ठ आहे या विचाराने त्यांचा ऊर भरून आला होता. आणि त्याच उरात, थोडे खाली, काहीतरी टोचत होते.

जिना चढताना ते कठड्याला धरून थांबले. त्या बाकाचा इतिहास त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. मुख्यालयातून एकदा परिपत्रक आले होते की प्रत्येक विभागीय कार्यालयाने समाजाप्रती असलेली आपली बांधिलकी दृश्य स्वरूपात प्रकट करावी. 'दृश्य' या शब्दाखाली रेघ होती. पाणी ही वस्तू मुळात अदृश्य वाटांनी वाहणारी. तिचे सारे पुण्यकर्म जमिनीखाली घडते. तेव्हा दृश्य काय करावे यावर विचार करण्यासाठी समिती नेमण्यात आली. जनसंपर्क अधिकारी वृक्षारोपणाच्या बाजूचे होते, कारण मागील वर्षीचे खड्डे तयार होते. लेखापालांचे मत असे पडले की काहीही करावे, पण ते मोजता येईल असे करावे. एका तरुण अभियंत्याने सुचविले की तक्रारींच्या खिडकीत आणखी एक माणूस बसवावा. त्यावर सर्वांनी त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले. मग उपमुख्य अभियंते बोलले. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'व्हॉल्व्ह' म्हणत, हे त्यांना माहीत होते आणि त्याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता. व्हॉल्व्ह ही काही सामान्य वस्तू नव्हे, सारे शहर तिच्या एका वेढ्यावर अवलंबून असते. ते म्हणाले, तक्रार घेऊन येणारे लोक झाडाखाली उभे राहतात, त्यांत वयोवृद्ध असतात. त्यांच्यासाठी एक उत्तम बाक करावा. एवढी साधी सूचना ऐकून समिती क्षणभर गोंधळली, आणि मग नावावर चर्चा सुरू झाल्यावरच तिला हायसे वाटले. 'विसावा' हे नाव फार घरगुती ठरले, 'नागरिक आसन व्यवस्था' हे फार लांब. अखेर बालपणी घोकलेल्या शब्दरूपांनी उपमुख्य अभियंत्यांच्या मुखातून 'विश्रामिका' हा शब्द बाहेर पाडला, आणि तो सर्वांना समजला नसल्यामुळे एकमताने संमत झाला.

बाक मात्र खरोखर उत्तम झाला. लाकूड मुरलेले, पाय ओतीव लोखंडाचे, पाठीचा कल असा की टेकणाऱ्याला आपण टेकलो आहोत हे कळू नये. आसनाच्या उंचीबद्दल सुताराने वाद घातला होता. एवढा उंच बाक कोणी करीत नाही साहेब, लोकांचे पाय लोंबतील, असे तो म्हणाला. साहेबांनी खिशातून कागद काढून आकडा पुन्हा वाचून दाखविला, आणि तो कोठून आला हे सांगितले नाही. तो ताईच्या घरून आला होता. ताई, त्यांची थोरली बहीण, खिडकीशेजारच्या एका जुन्या खुर्चीवरून तेवढी हाताचा टेका न घेता उठू शके. बाकी कोठूनही उठताना ती आधी आसपास पाही, मग ओठ मिटी, मग एखाद्या गलबतासारखी हळूहळू किनारा सोडी. एका दुपारी ती आत गेली असता त्यांनी मोजपट्टीने त्या खुर्चीची उंची घेतली होती. ती परत आली तेव्हा ते मोजपट्टी खिशात सारून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होते. "काय रे धाकट्या, तारीख विसरलास?" असे तिने विचारले होते आणि ते हो म्हणाले होते. ताईचे गुडघे पाण्याने नेले होते, हे त्यांचे अभियांत्रिकी निदान होते. ते शाळेत होते तेव्हा इमारतीच्या तळाशी एकच नळ होता आणि घर अगदी वर. आई आजारी. ताई पहाटे बादल्या घेऊन खाली जाई, आणि प्रत्येक मजल्यावर बादली टेकवल्याचा तो आवाज, आधी दुरून, मग जवळून, मग दाराशी, हा त्यांच्या पाठांतराचा ताल होता. देवः देवौ देवाः, आणि बादली टेकली. ते मदतीला उठले की ती म्हणे, "बस तू. अभ्यास कर. मोठा हो आणि पाणी वर चढव." तिने ते थट्टेने म्हटले होते. त्यांनी ते शब्दशः घेतले. पाणी वर चढविण्याची विद्या ते शिकले, मंडळात रुजू झाले, आणि ज्या दिवशी त्या जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर प्रथम नळ वाहिला, त्या दिवशी संस्था ही त्यांच्यासाठी नोकरी उरली नाही; ती काहीतरी वंदनीय झाली. घरात कोणी मंडळाला नावे ठेवली तर ते जेवता जेवता थांबत.

तर असा तो बाक. आणि त्याचे उद्घाटन झाले नव्हते. मुख्य अधिकाऱ्यांच्या हस्ते व्हायचे होते. तारीख ठरली तेव्हा ते दौऱ्यावर गेले. दौऱ्यावरून आले तेव्हा त्यांची बदली झाली. नवे आले त्यांच्या नावाची पाटी करेपर्यंत त्यांचा पाय मुरगळला. पाय बरा झाला तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागली. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. फितीचा रंग उडाला म्हणून ती बदलली. उद्घाटनापूर्वी वापर झाल्यास वस्तूचे नावीन्य भंगते, आणि भंगलेल्या नावीन्याचे उद्घाटन हा मान्यवरांचा अवमान होय, अशा आशयाची टिप्पणी उपमुख्य अभियंत्यांनी स्वतः लिहिली होती. तिच्यातील वाक्यरचना मुख्यालयातही नावाजली गेली होती. बाकाच्या रक्षणासाठी पहारेकरी दिला. पहाऱ्यावर असताना बसायचे नाही हा जुना नियम. त्यामुळे एक माणूस दिवसभर एका रिकाम्या बाकाशेजारी उभा राही, आणि त्याच्या भोवती तक्रारी घेऊन आलेली माणसे उभी राहत, आणि वरच्या खिडकीतून हे दृश्य पाहताना उपमुख्य अभियंत्यांना त्यात आजपर्यंत काहीही विसंगत दिसले नव्हते. उलट त्या रिकाम्या बाकाभोवती एक प्रकारचे तेज त्यांना भासे. जे अजून व्हायचे आहे ते झालेल्यापेक्षा नेहमीच निर्मळ असते.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी पाणी मागवून प्यायले. डोके जाग्यावर आले होते; शब्द मात्र गेला नव्हता. उठा. फाइल उघडली, त्यात उठा. हा शब्द आपण याआधी कोठे ऐकला हे त्यांना आठवत होते आणि आठवायचे नव्हते. ऐकला नव्हता खरे तर; सांगण्यात आला होता. काही आठवड्यांपूर्वी रात्रीच्या जेवणाला पत्नी म्हणाली होती, "आज वन्सं तुमच्या ऑफिसात आल्या होत्या, माहीत आहे का?" माहीत नव्हते. ताईच्या मजल्यावर पाणी चढेनासे झाले होते. भाऊ मंडळात एवढ्या मोठ्या जागेवर असताना तिने त्याला सांगितले नाही, कारण एकदा फार पूर्वी तिने सांगितले असता त्यांनी तिला समजावले होते की नातलगांनीही तक्रारीच्या खिडकीतूनच यावे, म्हणजे संस्थेवर बोट उठत नाही. ती ते विसरली नव्हती. तशी ती खिडकीत आली, रांग होती, पाय भरून आले, आणि ती फितीखालून त्या बाकावर बसली. मग पहारेकऱ्याने तिला उठविले. पत्नीने हे सर्व सांगून झाल्यावर ताईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला होता: "बाक फार देखणा आहे म्हणाल्या. बसल्याबरोबर कळलं म्हणाल्या, की हा काही आपल्यासाठी नसणार." त्यावर उपमुख्य अभियंते काय म्हणाले होते? ते म्हणाले होते, "पहारेकऱ्याचं बरोबरच आहे." पत्नीने त्यांच्या पानात वाढले आणि दिवा तेवढा चालू ठेवून ती आत गेली. त्या दिवसापासून ताई घरी आली नव्हती. दर रविवारी येणारी ताई, आल्याआल्या पंखा लावणारी, वर्तमानपत्रातली निधनवार्ता मोठ्याने वाचून "हा गेला का, बरं झालं, फार बोलायचा" म्हणणारी ताई. पहिल्या रविवारी त्यांनी मनाशी म्हटले, ऊन आहे. दुसऱ्या रविवारी ऊन नव्हते. फोन केला तर ती अगदी गोड बोलली, आणि ताई गोड बोलू लागली म्हणजे दार बंद झाले, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते.

आज स्वतःला उठविले गेले तेव्हा जे टोचले ते अपमानाचे नव्हते. ते मांड्यांच्या मागे होते. बसलेल्या शरीराने एकदा आधार घेतला की ते तो मालकीचा समजते. आणि तो काढून घेतला जाताना मांड्यांच्या मागे एक थंड पोकळी राहते, तिला कोणतीही टिप्पणी पुरी पडत नाही. ही पोकळी ताई घरी घेऊन गेली होती. तिच्याच गुडघ्यांच्या मापाच्या बाकावरून. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि त्यांच्या हातातील पेन तसेच राहिले. झाडाखाली ताई उभी होती. एका हातात पिशवी, दुसरा हात झाडाच्या खोडाला, आणि बाकाकडे तिने पाठ केली होती, अगदी ठरवून केल्यासारखी. तक्रारीची रांग तिच्यापुढे बरीच होती. तिला वर बोलवावे. पण वर यायचे म्हणजे जिना. आपण खाली जाऊन तिला बसवावे. पण मग पहारेकऱ्याला काय सांगायचे, की कुणीही म्हणजे माझी बहीण सोडून कुणीही? तेवढ्यात दूरध्वनी वाजला. मुख्यालयातील स्वीय सहायक बोलत होते. उद्घाटन पुन्हा पुढे ढकलले होते, कारण साहेबांकडे लग्नकार्य होते. उपमुख्य अभियंते सवयीने "जशी आज्ञा" म्हणाले. स्वीय सहायकांनी, तेही सवयीनेच, जाता जाता बजावले की तोवर सर्व चाचण्या मात्र पूर्ण ठेवा, मागच्यासारखे नको.

मागचे सर्वांनाच ठाऊक होते. एका वस्तीत नव्या नळाचे उद्घाटन होते, मान्यवरांनी तोटी फिरविली, आणि नळाने नुसताच एक दीर्घ, उद्विग्न निःश्वास सोडला. त्या निःश्वासाचे छायाचित्र काढता आले नाही एवढेच. बाकी सर्व वर्तमानपत्रांत आले. तेव्हापासून मंडळाचा दंडक होता, आणि तो लिहिणारेही तेच होते, की कोणतीही वस्तू प्रत्यक्ष भाराखाली, प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून, पुरेशा काळासाठी तपासल्याशिवाय उद्घाटनास पात्र नाही. फोन ठेवताना त्यांचा हात थबकला. बाकाची चाचणी झालीच नव्हती. ज्यांनी आयुष्यात एक वीत नळी न तपासता जमिनीत जाऊ दिली नाही, त्यांनी माणसांचे ओझे वाहणारी वस्तू नुसती फीत बांधून उभी केली होती. उद्या मुख्य अधिकारी त्यावर टेकले आणि तो मोडला तर? ही केवढी कर्तव्यच्युती. ते या विचाराने खरोखर हादरले होते. आणि तरीही, हादरता हादरता, आपले पाय जिन्याकडे जरा जास्तच आनंदाने निघाले आहेत हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

खाली येऊन त्यांनी पहारेकऱ्याला समजावून सांगितले. आजपासून विश्रामिकेची भारचाचणी सुरू होत आहे. फीत कापायची नाही, सोडायची नाही. ती मागे घेऊन झाडाला गुंडाळायची. बसणाऱ्यांची पाठ फितीच्या पुढे राहील, म्हणजे नावीन्य मागे सुरक्षित. पहारेकऱ्याने मन लावून ऐकले. कोणाला बसू द्यायचे, असे त्याने विचारले. कुणीही म्हणजे कुणीही, असे ते म्हणाले. मग त्याने जी कामगिरी केली ती पाहण्यासारखी होती. ज्या निष्ठेने तो आजवर माणसे उठवीत होता त्याच निष्ठेने तो ती बसवू लागला. लोक बिचकले, एवढे दिवस उठविणारा माणूस बसा म्हणतो, यात काहीतरी कलम असणार. एका आजोबांनी बसल्याबद्दल पावती मिळेल का ते विचारले. एक बाई आपल्याला घाई नाही, उभे राहायला आवडते, असे सांगत मागे सरली. पहारेकरी मात्र हटेना. आजोबांना त्याने एका टोकाला बसविले आणि समतोलाकरिता त्यांच्या पिशवीसह मधे सरकायला सांगितले.

ताईने अजून पाठ वळविली नव्हती. उपमुख्य अभियंते तिच्यामागे जाऊन उभे राहिले. आपण मंडळाच्या आवारात आहोत, चार माणसे पाहत आहेत, आणि आपल्याला आवाज फुटत नाही, हे त्यांना एखाद्या बंद पडलेल्या पंपाकडे पाहावे तसे तटस्थपणे जाणवले.

"ताई," ते म्हणाले, "चाचणीला माणसं कमी पडताहेत."

तिने वळून आधी त्यांच्याकडे पाहिले, मग बाकाकडे, मग झाडाला गुंडाळलेल्या फितीकडे.

"म्हणजे मी आता सरकारी वजन?"

"प्रत्यक्ष वापरकर्ता," ते म्हणाले. "तसं लिहिलेलं आहे."

"तुझं सगळंच लिहिलेलं असतं रे." मग तिने आसपास पाहिले, ओठ मिटले, आणि ती बसली. पाठ टेकली. पिशवी मांडीवर घेतली. तिचा चेहरा काही सांगेना. "किती वेळ बसायचं?"

"बसून झालं. आता ऊठ." हे शब्द तोंडातून गेले आणि ते स्वतःच दचकले. घाईने त्यांनी पुढे जोडले, "म्हणजे, उठता येतं का ते पाहायचं आहे. चाचणीचा भाग आहे तो."

ताईच्या भुवया वर गेल्या. आजोबांनी तिच्याकडे करुणेने पाहिले. त्यांना हे अपेक्षितच होते. ती उठण्यासाठी हात टेकायला वाकली, आणि हात टेकण्याआधीच उठली होती. क्षणभर ती उभी राहून आपल्याच पायांकडे पाहत राहिली, कोणा परक्याने उपकार केल्यासारखी. मग पुन्हा बसली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिने तळहात आसनाच्या कडेवरून फिरविला आणि बाकापासून जमिनीपर्यंतचे अंतर नजरेने मोजले.

"धाकट्या," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझ्याकडे भिंतीवर कसली तारीख बघत होतास?"

उपमुख्य अभियंते समोरच्या रस्त्याकडे पाहू लागले. तिथे विशेष काही नव्हते. कानांत मात्र कोठल्यातरी जिन्यावर, अगदी दुरून, बादली टेकल्याचा आवाज होत होता, आणि तो मजल्यामजल्याने जवळ येत होता.

ताईने पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली, आजोबांना जरा सरकायला सांगितले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला. "बस तू," ती म्हणाली, आणि जराशी थांबून, "आज अभ्यास नाही."

ते बसले. बाक कुरकुरला. पहारेकऱ्याची नजर तत्काळ तिकडे वळली. तो दोन पावले पुढे आला, टाचा जुळवून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य आणि संकोच यांचे जुनेच द्वंद्व दिसू लागले. साहेब चाचणीत आहेत की नुसतेच बसलेत, असे त्याने अत्यंत आदराने विचारले. नुसतेच बसले असतील तर आदेश जुनाच लागू होतो की काय, हे त्याला कळत नव्हते. साहेब उत्तर देणार तोच ताईने पाठ आणखी थोडी टेकली.

"ते माझ्याबरोबर आहेत," ती म्हणाली. "आमचं वजन एकत्रच धरा. आणि रविवारपर्यंत चाचणी संपवू नका. धाकट्याच्या घरी जाताना वाटेत मला इथं टेकायचंय."